१५ वर्षं झालेल्या गाडीचं रिपासिंग : फिटनेसला नक्की काय बघतात?

कृष्णाकाठ
बाबांची पेट्रोल हॅचबॅक आहे, नोव्हेंबर २०१० ची, पासिंग एमएच १०. पुढच्या महिन्यात आरसीची मुदत संपतेय. बाबा सांगलीत, मी पुण्यात, आणि गेली दीड-दोन वर्षं गाडी माझ्याकडेच आहे. शेजारचे म्हणतात, पंधरा वर्षं झाली म्हणजे आता भंगारात. कोपऱ्यावरचा एजंट म्हणतो, "गाडी दाखवायचीपण गरज नाही, सगळं माझ्यावर सोडा," आणि आकडा पाच अंकी सांगतो. गाडी चांगली पळते, विकायची इच्छा नाही. खर्च किती, कागद कोणते आणि आरटीओत गाडी उभी केल्यावर नेमकं काय तपासतात, हे अलीकडे कोणी करून आलं असेल तर सांगा.

कागदी_घोडा
आधी भंगाराची भीती काढून टाका. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल बंद, ही भानगड दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्याची, म्हणजे एनसीआरची. हरित लवादाचा आदेश आणि त्यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, असा तो इतिहास आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीला वयाची अट नाही. सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी मात्र १५ वर्षांनंतर रद्द होते, १ एप्रिल २०२३ पासून. पेपरात त्या बातम्या वाचून लोक आपल्याही गाडीचा निरोप समारंभ करायला बसतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यालाच लोक रिपासिंग म्हणतात. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत केव्हाही करता येतो. म्हणजे तुम्ही आजच करू शकता.

खर्च असा. चारचाकीला नूतनीकरणाची फी ५०००, दुचाकीला १०००, हे १ एप्रिल २०२२ पासून. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती दुप्पट झाली, चारचाकी १०,००० आणि दुचाकी २०००. तुमची अजून त्या रांगेत नाही. वर पर्यावरण कर, तो राज्याचा, २०१० पासून आहे : पेट्रोल चारचाकीला ३०००, डिझेलला ३५००, दुचाकीला २०००, पाच वर्षांसाठी एकदाच. स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च. परिवहन खात्याच्या पोर्टलवर भरताना एकूण रक्कम समोर येतेच, तीच खरी धरा. मुदत उलटली की चारचाकीला महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३०० जादा.

कागद : मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ई-चलन थकलेलं असेल तर ते आधी भरून टाका. आणि नवी नंबरप्लेट, एचएसआरपी. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची केली आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

तिसरा_गिअर
एजंटला द्या आणि सुट्टी वाचवा. उगाच काय ते क्रांतिकारक व्हायचं.

हिरवी_स्कूटर
@तिसरा_गिअर, सुट्टी वाचत नाही हो. माझ्या स्कूटरच्या वेळी एजंटने कागद अडवून ठेवले आणि शेवटी सही करायला मलाच जावं लागलं.

@कृष्णाकाठ, एक गोष्ट आजच बघून घ्या : आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय का. माझं कर्ज २०११ मध्येच फिटलं होतं, पण बोजा कोणी उतरवलाच नव्हता. ज्या वित्तसंस्थेचं कर्ज होतं ती तोवर दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली. एनओसी कुठल्या शाखेतून काढायची हेच कोणाला ठाऊक नव्हतं. बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर त्यांचा शिक्का लागतो. नूतनीकरणाला जेवढा वेळ गेला त्याच्या कितीतरी पट यात गेला.

आणि पोर्टलला जोडलेला मोबाइल नंबर. २०१० मध्ये डीलरने कोणाचाही नंबर टाकलेला असतो. ओटीपी तिकडे जातो आणि आपण इकडे स्क्रीनकडे बघत बसतो. नंबर बदलायची सोय तिथेच आहे, चेसिस आणि इंजिन नंबर लागतात.

पाटा_बुश
साताऱ्याला गॅरेज आहे माझं, रिपासिंगच्या गाड्या कायम येतात. विचारताय म्हणून मोकळेपणाने सांगतो.

आरटीओतले निरीक्षक मुख्यतः गाडी तीच आहे का ते बघतात. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, सीट, इंधन. आरसीवर पेट्रोल आणि डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिथेच परत पाठवतात. रंग बदललाय आणि नोंद नाही, परत. पुढे बुलबार, काचेला काळी फिल्म, फॅन्सी नंबरप्लेट, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, हे सगळं आदल्या दिवशी काढून ठेवा. मग लाइट, अप्पर-डिप्पर, चारी इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स लाइट, हॉर्न, वायपर, आरसे, सीटबेल्ट, टायर. टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल हवी, दुचाकीला ०.८. वायपर हा विनोदी प्रकार आहे. उन्हाळ्यात कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि बटण दाबलं की रबराच्या चिंध्या काचेवर फिरतात.

एवढ्यावर गाडी पास होते. पण गाडीखाली कोणी वाकत नाही. आणि १५ वर्षांच्या गाडीचा जीव खालीच असतो. म्हणून माझ्याकडे कोणी "रिपासिंगपुरतं करून द्या" म्हणत आलं की मी गाडी आधी रॅम्पवर घेतो.

तुमची गाडी कमी चाललेली असणार. लोकांना वाटतं ते चांगलं. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. पुढच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे होज वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं. पंधरा वर्षांत एकदाही न बदललेल्या गाड्या मी बघितल्यात, तेलाचा रंग काळ्या चहासारखा झालेला. असं तेल घाटात ब्रेक तापले की उकळतं आणि पेडल तळाला जातं. मागे ड्रम ब्रेक असेल तर उघडून व्हील सिलिंडर गळतोय का बघा. लायनर जाड आहेत पण तेलाने भिजलेत, हे बाहेरून कधीच कळत नाही. हँडब्रेकची केबल ताणलेली असते. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, स्टिअरिंग रॅकचं रबर, पेट्रोलचा रबरी पाइप, हेही बघून घ्या. आणि टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते ती वाचा. ३२१४ असेल तर २०१४ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली तरी असा टायर एक्स्प्रेसवेवर नेऊ नका.

आता तुम्हाला एक प्रश्न : २०१९ च्या पुरात गाडी सांगलीत कुठे होती?

कृष्णाकाठ
पाटा_बुश दादा, नेमकं विचारलंत. गावभागात होती. पाणी आत चटईपर्यंत आलं होतं, इंजिनाला लागलं नाही. तेव्हा सीट काढून सुकवली, चटई बदलली, त्यानंतर काहीच त्रास नाही. बोजा नाही, गाडी रोखीने घेतली होती. चेसिस प्रिंट काढायचा प्रयत्न आज केला, पण शेवटचे दोन-तीन आकडे पेन्सिलीत नीट उमटत नाहीत. गंज आहे.

पाटा_बुश
मग आधी तेच काम. गंज खरवडायला पॉलिश पेपरचा जोर लावू नका, आकड्यांच्या कडा जातात. गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, पितळी ब्रशने हलकेच साफ करा, कोरडं करून मग पातळ कागद आणि मऊ पेन्सिल. बऱ्याचदा उमटतं. नाहीच उमटलं तर आरटीओत अर्ज करून त्यांच्या परवानगीने नंबर परत ठोकून घ्यावा लागतो. कोणी पत्रा ठोकणारा म्हणेल "आत्ता पंच करून देतो", त्याच्या नादाला लागायचं नाही. परवानगीशिवाय चेसिस नंबरला हात लावलेली गाडी चोरीची समजतात आणि ते सिद्ध करत बसायची जबाबदारी तुमच्यावर येते.

पुराच्या पाण्यात बसलेल्या गाडीची चटई उचलून जमिनीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. सीटबेल्टची गुंडाळी पट्टीच्या खालच्या टोकाला असते, ती पाण्यात होती. पट्टी झटक्यात ओढली की अडकते का? सहा वर्षांत गंज धरला असेल तर अपघातात ती अडकणार नाही. हे आरटीओत कोणी ओढून बघेल न बघेल, तुम्ही बघा.

तिसरा_गिअर
एवढं सगळं करायचं तर नवीनच गाडी घ्यावी की.

टेम्पोवाला_४०७
खासगीवाल्यांचं हे वाचून हसू येतं राव. तुम्हाला पंधरा वर्षांनी एकदा. आमचं धंद्याच्या गाडीचं बघा. नवीन गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग. वेळेत नाही केलं तर दिवसाला ५० रुपये लावले होते. त्यावरनं २०२४ मध्ये रिक्षावाले रस्त्यावर उतरले होते.

पासिंगच्या आठवड्यात गाडी धंद्याला लागतच नाही. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी रिफ्लेक्टर पट्टी, तीही मान्यताप्राप्त कंपनीची आणि प्रमाणपत्रासकट. वेग ताशी ८० च्या पुढे जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर. दारावर मालकाचं नाव, रिकामं वजन, भरलेलं वजन रंगवलेलं. मागचा मडफ्लॅप फाटका नको. मग ट्रॅकवर ब्रेक टेस्ट. पुण्यातल्या एका नागरिकाची जनहित याचिका होती, त्यात मुंबई उच्च न्यायालयाने खडसावलं की २५० मीटरचा ट्रॅक नसेल तिथे फिटनेस द्यायचा नाही. त्यानंतर कितीतरी ठिकाणच्या गाड्या दुसऱ्या जिल्ह्यांत पासिंगला पाठवल्या. आम्ही डिझेल जाळून जायचो. शिव्या घातल्या तेव्हा, पण त्या आधी पासिंग म्हणजे साहेब खुर्चीतून मान वर करणार आणि सही, हेही खरं होतं.

आता यंत्राने तपासणारी केंद्रं येतायत. नाशिकचं केंद्र त्यातलं जुनं. तिथे चाकं रोलरवर चढवतात आणि डावं-उजवं ब्रेक किती धरतं ते स्क्रीनवर येतं. माझी गाडी डावीकडे ओढायची, मी म्हणायचो रस्त्याचा उतार असेल. रोलरने दाखवलं की उजवा ब्रेक निम्मापण धरत नाही. चाकं सरळ चालतात का ते दाखवणारी साइड स्लिपची प्लेट, हेडलाइटचा झोत कुठे पडतो, धूर, हॉर्नचा आवाज, सगळं यंत्रावर. नापास झालं की दुरुस्त करून ३० दिवसांत परत आणायची. यंत्राला चहा पाजता येत नाही, ही त्याची मोठी गैरसोय आहे असं आमच्या स्टँडवरच्या काही लोकांचं मत आहे.

स्लाऊचा_पाव्हणा
इंग्लंडमधून. इथे एमओटी असते, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी, खासगीलाही. गाडीला जास्तीत जास्त फी ५४ पौंड ८५ पेन्स, गॅरेजवाले धंदा मिळावा म्हणून त्याहून कमीतही करतात. खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाका, तिचा सगळा एमओटी इतिहास फुकट दिसतो. कोणत्या वर्षी किती मैल, कशात नापास, आणि "पास, पण पुढच्या वेळेपर्यंत हे बघा" असे शेरे. मी जुनी गाडी घेताना मालकाचं बोलणं ऐकतच नाही, आधी तो इतिहास वाचतो. २०१८ च्या मे महिन्यापासून दोषांचे प्रकारही केलेत : किरकोळ, मोठा, धोकादायक. धोकादायक लिहिलं की गाडी तशी चालवत घरी न्यायची नाही.

पण तपासणारं आणि दुरुस्ती करणारं गॅरेज एकच असतं, त्यामुळे "अरेरे, बुश गेलंय हो" ऐकायला मिळतंच. वर सरकारी खात्याची देखरेख असते, खोटं प्रमाणपत्र दिलं तर परवाना जातो.

डॅलसकर
आमच्याकडे उलटी गंगा. टेक्ससने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणीच बंद केली. तपासणीच्या नावाने घ्यायचे ते साडेसात डॉलर मात्र नोंदणीच्या वेळी अजून भरायचे. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनच्या पट्ट्यात धुराची तपासणी तेवढी राहिली आहे. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो कटकट गेली. दुसऱ्याला रोज हायवेवर शेजारच्या पिकअपचे गुळगुळीत टायर दिसतात.

कागदी_घोडा
टेम्पोवाल्यांच्या बोलण्यात कळीचा मुद्दा आहे. खासगी गाडी शोरूममधून निघाली की आपल्याकडे १५ वर्षं तिचा ब्रेक कोणीही अधिकृतपणे बघत नाही. पीयूसी होते, पण ती धुराची. आणि पंधराव्या वर्षी बघतात तेही कागदाशी जुळतं का एवढंच. मला वाटतं दहाव्या वर्षी एक यंत्रावरची तपासणी खासगीलाही हवी. फी ठेवा हजारभर, लोक कुरकुरत देतील. पण त्यासाठी आधी जिल्ह्या-जिल्ह्यात केंद्रं हवीत, नाहीतर आणखी एक खिडकी आणि आणखी एक एजंट.

@कृष्णाकाठ, पीयूसीवरून आठवलं. तुमची २०१० ची गाडी सांगलीत घेतलेली म्हणजे धुराच्या मानकांत बहुधा बीएस-३. बीएस-४ एप्रिल २०१० ला फक्त १३ शहरांत आलं होतं, महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि (अनेकांना आश्चर्य वाटतं) सोलापूर. बीएस-३ ला पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते, बीएस-४ पासून पुढे वर्षाची. तपासणीच्या दिवशी ती संपलेली नसावी.

पुण्यात की सांगलीत, हे कोणी सांगितलं नाही अजून. केंद्रीय नियमात गाडी ज्या हद्दीत आहे तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा असं आहे. खिडकीवर मात्र तुमच्याकडे पुण्याचा पत्ता मागतील, आणि गाडी बाबांच्या नावावर. पुण्यात करायचं तर बाबांच्या नावाचा पुण्याचा पुरावा लागेल. नसेल तर सांगलीला घेऊन जा. बाबांची सही, ओटीपी, सगळं तिथेच होईल, आणि दिवाळीला जाणारच असाल.

कृष्णाकाठ
सांगलीच ठरवतो मग. मुदत संपल्यावर काही दिवस गाडी चालवली तर काय होतं? आठवडाभर इकडे-तिकडे झालं तर, म्हणून विचारतोय.

कागदी_घोडा
चालवू नका. नोंदणी संपलेली गाडी म्हणजे कलम १९२, पहिल्या वेळी ५००० पर्यंत दंड. दंड परवडला, विमा नाही परवडत. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं. तात्पुरती नोंदणी संपलेली गाडी चोरीला गेली, विमा कंपनीने दावा नाकारला, आणि न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. हप्ता भरलेला होता तरी. तुमच्याकडे अजून महिना आहे, अपॉइंटमेंट आत्ता घ्या.

बुलेट_३५०
जरा विषयांतर. आजोबांची बुलेट आहे, १९७४ ची, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत आलोय. आता २० वर्षांपुढची म्हणून दुप्पट फी लागेल ना? शिवाय ऐकलं की ५० वर्षं झाल्यावर व्हिंटेजमध्ये नोंद होते. ते केलं तर दर वेळची ही कटकट सुटेल का?

कागदी_घोडा
फी हो, २०००. व्हिंटेजचे नियम २०२१ चे. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, मोठे बदल केलेले चालत नाहीत. नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात, नोंदणी १० वर्षांची, पहिली फी २०,००० आणि नूतनीकरण ५०००. पण व्हिंटेज झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरायला, दुरुस्तीला, एवढंच.

बुलेट_३५०
मग नको. मी तिच्यावर भाजी आणतो.

पाटा_बुश
तर मग मागचा ब्रेक शू आणि हबचं बेअरिंग बघून घ्या. आणि चेसिस नंबर जिथे आहे तिथे रंग देणाऱ्याला जाड थर मारू देऊ नका. जुन्या बुलेट रंगवून आणतात, मग प्रिंटच्या वेळी रंगाखालून आकडे सापडत नाहीत.

हिरवी_स्कूटर
@कृष्णाकाठ, निघताना स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीत आहेत ना बघा. आमच्या वेळी पुढच्या गाडीवाल्याला नेमकं तेच उघडून दाखवायला लावलं, आणि स्टेपनीच्या जागी कांद्याचं पोतं निघालं.